होन्नव्वरसीचा हात

दगडाने बोलू नये, असा आमच्या जातीचा रिवाज आहे. मीही तो आठशे वर्षे पाळला. पण मित्रांनो, काही उपकार असे असतात की पोटात ठेवून बसले तर दगडालाही जड होतात. म्हणून आज बोलतो.

होटगी स्टेशनावर उतरून, रुळांकडे पाठ करून उगवतीला दीड कोस चालत आलात की एक तळे लागते. त्याच्या बांधावर, शेतांना पाणी सोडायच्या मोरीला अगदी लागून, छातीइतक्या उंचीचा काळा दगड उभा आहे. तो मी. वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, मधोमध एक हात, कोपरातून उभा, पंजा उघडा, मनगटात रुंद कंकण. आणि हाताखाली बावीस ओळी अक्षरे. चेहरा नाही. का नाही, ते पुढे येईलच.

नागोज नावाच्या पाथरवटाने मला खाणीतून काढले. छिन्नी लावण्याआधी त्याने हातोडीने मला सगळीकडून वाजवून पाहिले आणि बायकोला म्हणाला, "बद्द वाजत नाही गं. आतून धड आहे." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. माणूस नावाजला की विसरत असेल, दगड विसरत नाही. दोन महिने तो मला घडवत होता. बायको भाकरी घेऊन यायची, तान्हे मूल माझ्याच सावलीत निजवायची आणि दोघे बोलत बसायची. बोलणे बहुधा एकाच बाईविषयी. त्यामुळे माझ्या अंगावर तिचे नाव उमटण्याआधीच ती मला ठाऊक झाली होती.

तिचे नाव होन्नव्वरसी. तेव्हा कानडी मुलखातल्या कल्याणला राजे होते, आणि आपल्या या मुलखातली सत्तर गावे त्यांनी एका सरदाराच्या हवाली केलेली होती. होन्नव्वरसी त्याची बायको. ती बावीस वर्षांची असताना सरदार लढाईत पडला. मांडीवर दहा महिन्यांचा मुलगा. बाहेर अंगणात भाऊबंद जमले, चंदनाची लाकडे आली, आणि एका म्हाताऱ्या आप्ताने दारातून विचारले, "बाईसाहेब, केव्हा निघायचं?"

ती बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी लेकराला पाजून घेते, मग बोलू."

आता तान्ह्याच्या तोंडचे दूध कोण तोडणार? माणसे थांबली. बाळ प्यायले आणि तिथेच झोपले. हलले तर उठेल म्हणून ती जागची हलेना. तेवढ्यात दूरच्या गावाचा एक शेतकरी ओरडत आला, त्याची बैलजोडी कोणी ओढून नेली होती. सरदार गेल्याचे त्याला ठाऊकच नव्हते. होन्नव्वरसीने त्याला खुणेने हळू बोलायला सांगितले, सगळे ऐकून घेतले, आणि झोपल्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत कुजबुजत निकाल दिला. बैल संध्याकाळी परत आले. दुसऱ्या दिवशी दोन माणसे तक्रारी घेऊन आली, तिसऱ्या दिवशी सात. अंगणातली लाकडे पावसात भिजली, मग धुणी वाळत घालायच्या उपयोगी पडली. तिचे ते 'मग' तीस वर्षे आले नाही. कल्याणच्या राजाच्या कानावर हे गेले तेव्हा त्याने कारभाराची खूण म्हणून एक सोन्याचे कंकण पाठवले. ते तिने शेवटपर्यंत हातात ठेवले.

हे तळे तिनेच बांधवले. बांधले तेव्हा सगळे खूश. पण दोन वर्षांत भांडणे सुरू झाली, कारण मोरीजवळची शेते पोटभर पाणी प्यायची आणि शेवटच्या शेताला ओल मिळत नसे. कारभारी म्हणाले, तसे काही नाही, सगळ्यांना सारखे मिळते. होन्नव्वरसीने वाद घातला नाही. साधे लुगडे नेसली, मुलाला कडेवर घेतले आणि शेवटच्या शेतात जाऊन बसली. दोन दिवस बसली. पोराने मातीची घरे केली, मोडली, पुन्हा केली. पाणी काही आले नाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि नियम केला: शेवटच्या शेताला आधी. त्याचे भिजले की त्याच्या वरचे, मग त्याच्या वरचे, आणि मोरीजवळचे सर्वांत शेवटी. शेवटच्याला आधी दिले की मधला कोणी चोरी करू शकत नाही, कारण सगळ्यांचे डोळे पाटावर असतात.

केस पांढरे झाल्यावर तिला वाटले, आपल्यामागे हा नियम टिकावा. म्हणून मी. नागोजने विचारले, "बाईसाहेब, तोंड काढू का? हुबेहूब काढीन." ती हसली. म्हणाली, "माझं तोंड बघून काय शेत भिजणार आहे? हात काढ. पाणी त्याने दिलंय." म्हणून माझ्या अंगावर हात आहे, आणि हातात ते कंकण आहे. मला उभे केले त्या दिवशी तिने आपला सुरकुतलेला पंजा माझ्या कोरीव पंज्यावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "मी नसले तरी तू सांगत जा."

मी मनातल्या मनात हो म्हटले. आणि मित्रांनो, तो शब्द मला पाळता आला नाही.

राजे गेले, दुसरे आले, तेही गेले. भाषा बदलत गेली. माझी अक्षरे वाचणारा शेवटचा माणूस केव्हा गेला, ते मलाही कळले नाही. नियम तेवढा उरला, पाटकऱ्यांच्या घराण्यात बाप लेकाला सांगत राहिला. पाटकरी म्हणजे मोरीचे बूच, म्हणजे दट्ट्या, उचलून शेतांना पाळीने पाणी देणारा. पण नियम कोणी केला, हे कोणाला ठाऊक नव्हते. मग एका वर्षी एका बाईने नवस बोलून माझ्या हातावर शेंदराचे बोट लावले. तिचा नवस फळला असावा, कारण पुढच्या वर्षी दहा बोटे आली. आणि एका फिरत्या गोंधळ्याने कथा रचली: तळ्यात पाणी ठरत नव्हते, तेव्हा इथली बाई नवऱ्यामागे सती गेली, अन् तळे भरले, हा तिचाच बांगड्यांचा हात!

सतीच्या दगडावर तसा हात असतो, हे खरे. दोष कोणाचा म्हणू? गोष्ट ऐकायला गोड होती. माझे नाव सतीआई पडले. दर वर्षी तेल आणि शेंदूर, तेल आणि शेंदूर, असे थर चढत गेले आणि माझ्या अंगावर चार बोटे जाडीची खोळ तयार झाली. हात कसाबसा दिसे, अक्षरे मुळीच नाहीत. खरे सांगतो, सुरुवातीला मलाही बरे वाटले. उपाशी राहिलेल्याला नैवेद्य नको असतो का? पण पुढे माझ्याभोवती दहा हातांवर चुन्याने रंगवलेल्या गोट्यांचे रिंगण आले. विधवेने त्याच्या आत पाऊल टाकायचे नाही. सतीआईला चालत नाही म्हणे.

म्हणजे होन्नव्वरसी स्वतः आली असती तर तिलाही बाहेरच उभे केले असते. हे माझ्या मनात यायचे, आणि सांगायला तोंड नव्हते.

आता निंगव्वाचे सांगतो.

आमच्या गावचा पाटकरी मायाप्पा. निंगव्वा त्याची बायको, उंच, सावळी, आवाज जरा मोठा. तिचे माहेर अक्कलकोटच्या पलीकडे. रागावली की कानडीत रागवायची, म्हणजे मायाप्पाला अर्धेच लागायचे. लग्नानंतर पाच वर्षांनी मायाप्पाला हिवतापाने धरले तो सोडेना. मग दट्ट्या निंगव्वा उचलू लागली. मायाप्पा घोंगडे पांघरून बांधावर बसे, म्हणजे दिसायला पाटकरी तोच. पाटाचे पाणी ओंजळीत घेऊन ती सांगायची की आता खालचे शेत भिजले असेल, आणि माणूस पाठवून पाहावे तर भिजलेले असायचे. दोन वर्षे असे चालले. गावाला पाणी मिळत होते, तोवर कोणाला काही खटकले नाही.

भादव्यात मायाप्पा गेला. मागे जेमतेम वर्षाची मुलगी, काशी. आणि एका दिवसात निंगव्वा गोट्यांच्या बाहेर झाली. मोरी आत, ती बाहेर.

पाटकऱ्याला प्रत्येक खळ्यावरून धान्याचा वाटा मिळतो. त्यावर तिचे घर चालायचे. काम गेले की धाकट्या दिराच्या, धुळाच्या घरी आश्रिताचे जिणे, नाहीतर माहेरी. धुळा काही वाईट नव्हता. त्याने रडून सांगितले होते, "वैनी, म्या तुजा दुस्मन न्हाय. पाटीलच म्हनत्यात, दट्ट्या तू घे." पाटील का म्हणतात, हे निंगव्वाला कळत होते. मोरीजवळचे पहिले शेत पाटलांचे. धुळा भिडस्त. पाटलांनी डोळे वटारले की तो पहिले पाणी पहिल्या शेताला देणार, आणि शेवटचे शेत बसणार बोंबलत.

त्याच दिवसांतली एक दुपार मी कधी विसरणार नाही. निंगव्वा पाटातले गवत काढत होती. काशीला तिने बाहेर, बाभळीखाली बसवले होते. पण रांगणाऱ्या जिवाला गोट्यांची काय तमा? ती गोटे ओलांडून सरळ माझ्याकडे आली, माझा आधार घेऊन उभी राहिली, आणि खोळीच्या कडेला बोट घालून खरवडू लागली. पावसाळ्याचे पाणी आत शिरून खोळ कडेला सुटलीच होती. एक कपचा निघाला. तिने तो तोंडात घातला.

"काशे! अगं खाऊ नगं ते! थू कर, थू!" निंगव्वा धावत आली आणि गोट्यांपाशी अशी थबकली जशी विहिरीच्या काठावर. इकडेतिकडे पाहिले. पाटलांची विधवा आत्या, शांतम्मा, तेवढी लांब शेण्या वेचत होती, तीही बाहेरचीच. "ये गं माजी बाय. हितं ये. तितं न्हाय बसायचं."

काशी हसली. सगळे तोंड लाल. मला वाटले, माझा हा हात हलला असता तर लेकराला उचलून दिले असते. पण एकच हात, तोही दगडाचा.

शेवटी निंगव्वा जमिनीवर बसली, मांडी घातली, पदर सारखा केला आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "दूदू?"

काशी चारी पायांवर धावत सुटली. आईने आधी तिचे तोंड पदराने पुसून पुसून रडवले, मग पाजले. पाजताना ती माझ्याकडे पाहत होती. राग नव्हता डोळ्यांत. नुसते विचारत होती. आणि मी, नागोजने आतून धड म्हटलेला मी, गप्प.

कार्तिकात पंचायत बसली, माझ्यापुढेच. शिवप्पा पाटील मधे, शेजारी आण्णा गुरव, गोट्यांच्या आत गावचे बाप्ये, बाहेर बायका. काशी आजी समजून शांतम्माच्या मांडीवर.

"विधवेनं सतीआईच्या तळ्याचा दट्ट्या उचलला तर तळं आटंल," पाटील म्हणाले. "माजं न्हाय, वाडवडलांचं सांगनं हाय."

शेवटचे शेत नबीसाबचे होते. तो उठला. "पाटील, दोन वर्सं तिनंच उचलला की. आटलं का?"

"तवा नवरा हुता."

"नवरा घोंगड्यात हुता, पाटील. घोंगडं पाणी सोडतंय म्हणून आमाला ठावं नव्हतं. ठावं असतं तर म्याबी एक घेतलं असतं."

माणसे हसली. पाटीलही हसू दाबत म्हणाले, "तुजा हरबरा बोलतोय नबीसाब, तू न्हाय. कौल लावू. आईच सांगंल."

कौल म्हणजे देवाच्या अंगावर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर एक, डावी पडली तर दुसरे. आण्णा गुरवाने शेवंतीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या आणि माझ्या खोळीवर दाबून बसवल्या. उजवी निंगव्वाची, डावी धुळाची. सगळे हात जोडून बसले. मित्रांनो, मला कळी पाडता येत नाही. ती ओल वाळली की आपली आपण पडते. पण त्या दिवशी मी कधी नव्हे ती प्रार्थना केली. कोणाची केली ते ठाऊक नाही, बहुधा होन्नव्वरसीची.

ऊन चढले. कोणी खोकले. कोणी तंबाखू काढली. निंगव्वाने काशीला ओढून छातीशी धरले होते.

आणि मग माझ्या पाठीतून करकर असा आवाज आला. कडेला फट पडलीच होती, तिथून ती वाढत वर गेली, आणि मनाने ठरवल्यासारखी सगळीच्या सगळी खोळ, चार बोटे जाड, पिढ्यान्‌पिढ्यांची, माझ्या अंगावरून सुटली आणि दोन्ही कळ्यांसकट धाडकन खाली पडली.

वारा लागला मला. काय सांगू! माझ्या अक्षरांना वारा लागला.

बायका किंचाळल्या. धुळाने जमिनीवर डोके टेकले. आण्णा गुरव मात्र जाणता. "घाबरू नगा. देवाची खोळ अशी पडती कवा कवा. शुभ असतं. तळ्यात सोडायची, अन् दिवस मावळायच्या आत नवा शेंदूर चढवायचा." आणि त्याने लगेच तेलाची वाटी मागवलीसुद्धा.

दिवस मावळायच्या आत! मला जेमतेम तोंड फुटले होते, आणि ते पुन्हा बंद होणार होते. बोट तेलात बुडाले, शेंदरात फिरले.

"थांबा!"

निंगव्वाचा आवाज मोठा असे मघाशी म्हटले ना, तो देवाने तिला याच वेळेसाठी दिला असावा. ती गोट्यांच्या अगदी कडेला उभी होती.

"आण्णा, त्या हाताखाली काय हाय, बगा की. लिवलंय कायतरी."

आण्णाने वाकून पाहिले. पाटलांनी पाहिले. कोणालाच वाचता येईना.

"जुनं काय तरी असंल," पाटील म्हणाले. "तुला काय करायचं?"

"पाटील, तुमी कौल लावला, आईनं नुसती कळी पाडली न्हाय. तोंड उगाडलं. आता तिनं तोंड उगाडल्यावर बोलू तरी द्या. आट दिवस शेंदूर लावू नगा. वाचणारा म्या आणते."

"आन न्हाय मिळाला तर?"

निंगव्वाने काशीला दुसऱ्या कडेवर घेतले. "तर दट्ट्या धुळाभावजींचा. म्या माहेरी जाते. पुन्ना ह्या बांदावर दिसनार न्हाय."

धुळा म्हणाला, "वैनी, असं नगं म्हनू." पण शब्द गेला होता.

मग नबीसाबनेच वाट दाखवली. तो सोलापूरच्या भवानी पेठेत भाजी न्यायचा. "तितं एक मास्तर हाय, शरच्चंद्र मास्तर. सुट्टी लागली की गावोगाव जाऊन दगडाला कागद चिकटवतो. लोक येडा म्हणत्यात बिचाऱ्याला." निंगव्वा दुसऱ्याच दिवशी काशीला घेऊन होटगीला चालत गेली आणि गाडीने सोलापूर गाठले. सूत रंगवणाऱ्यांच्या त्या गल्लीबोळांत तीन ठिकाणी चुकली, एका तेलुगू बोलणाऱ्या विणकरिणीने काशीला ताक पाजले आणि मास्तरांच्या दारापर्यंत पोहोचवले. हे सगळे मला नंतर शांतम्माच्या तोंडून कळले. मास्तर परीक्षेच्या वह्या तपासत होते. "रविवारी येतो," म्हणाले. रविवार म्हणजे सातवा दिवस.

आले. बारीक माणूस, टोपी, बगलेत कागदाची गुंडाळी. घरात कानडी, शाळेत मराठी. लांबूनच माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अरेरे. बाई, हा तर सतीचा हात. असे शेकड्याने आहेत."

मी मनात ओरडलो: खाली बघा, मास्तर, खाली बघा!

पण शहाणा माणूस आलाच आहे तर काम करून जातो. त्यांनी मला स्वच्छ पाण्याने धुतले. कोणी मला नुसत्या पाण्याने धुऊन किती शतके झाली होती! मग ओला कागद माझ्या अंगावर लावला, तापाने फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा, आणि ब्रशने हलके हलके ठोकत बसवला. कागद अक्षराअक्षरात शिरला. वाळत आल्यावर कापडाच्या बोळ्याने त्यावर शाई टिपली. काळ्या कागदावर पांढरी अक्षरे उजळू लागली. मास्तर पुटपुटत वाचू लागले. सहाव्या ओळीला थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग टोपी काढून हातात घेतली.

"बाई," ते म्हणाले, "मी चुकलो."

आठव्या दिवशी साऱ्या गावापुढे त्यांनी वाचले, एकेक ओळ कानडीत आणि मग मराठीत. पती लढाईत पडल्यावर, तान्हे मूल मांडीवर असता, होन्नव्वरसीने सत्तर गावांचा कारभार हाती घेतला. तीस वर्षे चालवला. हे तळे बांधले. शेवटच्या शेताला आधी पाणी, असा नियम केला. चंद्रसूर्य आहेत तोवर तो चालावा. आणि शेवटची ओळ: हा तिचा पाणी देणारा हात.

"म्हंजी सती न्हाय गेली?" आण्णा गुरवाने विचारले.

"नाही. हे लिहिलं तेव्हा ती जिवंत होती, म्हातारी होती, आणि विधवा होती."

मग पाटील खाकरले. "असंल. पर ती राणी हुती. ही पाटकऱ्याची बायकू. राणीचं येगळं."

मला वाटले, संपले. अक्षरांनी जेवढे सांगायचे तेवढे सांगून झाले होते. पाटकऱ्याच्या बायकोविषयी माझ्या अंगावर एक ओळही नव्हती.

तेव्हा शांतम्मा उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू. आणि चालत आली. गोट्यांपाशी आली. गोटे ओलांडले.

"आत्ती!" पाटील ओरडले.

"शिवप्पा, वरडू नगं. तुला म्या अंगाखांद्यावर खेळवलाय." ती माझ्याजवळ आली आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला, तसाच, जसा एकदा ठेवला गेला होता. "सोळाव्या वर्सी कपाळ पांडरं झालं माजं. चाळीस वर्सं म्या हिला तितनं हात जोडते. तुज्या लग्नात बी तितनंच जोडले. अन् ही तर आमच्यातलीच निगाली की! राणी काय अन् पाटकरीन काय, मागं ऱ्हायलेल्या बाईला भूक सारकीच लागती. लेकराला बी सारकीच लागती." मग ती माझ्याच पायथ्याशी टेकून बसली. "लई गार दगुड हाय बाई. ये गं निंगव्वा. उनात नगं उबी ऱ्हाऊ."

निंगव्वा हलली नाही. ती पाटलांकडे पाहत होती. सारे गाव पाटलांकडे पाहत होते. पाटील आत्याकडे पाहत होते.

आणि बोलला तो धुळा. मान खाली घालून, गोट्यांकडे बघत म्हणाला, "पाटील, खरं सांगू का? दट्ट्या म्या उचलीन. पर कुनाचं शेत कवा भिजलं, ते मला न्हाय कळत. वैनीला कळतं."

पाटलांनी मोठा उसासा टाकला. "बरं. ह्या सालापुरतं निंगव्वानं बगावं. फुडच्या साली फुडचं."

निंगव्वाने काशीला धुळाच्या हातात दिले, गोटे ओलांडले आणि मोरीशी येऊन दट्ट्याला हात घातला. तिचे डोळे भरले होते म्हणून तिला दिसत नव्हते. पण तिला कुठे बघून करायचे होते? पाणी निघाले.

त्याला आता चार वर्षे झाली. पुढच्या साली कोणी विचारले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. गोटे कोणी उचलले नाहीत. कोणी चुना लावला नाही एवढेच, आणि आता ते साधे गोटे आहेत, मुले त्यांवर बसतात. शेंदूर येत नाही. नारळ कधीतरी येतो, तो आण्णा सगळ्यांना वाटतो. मास्तरांनी मला सोलापुरात नेऊन ठेवण्याविषयी विचारले होते, पण मग स्वतःच म्हणाले, "नको. याचं काम इथं आहे." त्या ठशासाठी मी त्यांचा ऋणी आहे. नागोजचा, शांतम्माचा, मला ताकदीने खरवडणाऱ्या त्या इवल्या बोटांचा ऋणी आहे. होन्नव्वरसीला दिलेला शब्द मी पाळला नाही. तो या सगळ्यांनी माझ्यासाठी पाळला.

मित्रांनो, तुमच्या गावातही एखादा जुना दगड असेल. त्याला नमस्कार करा, जरूर करा. पण एकदा कधीतरी पाण्याने धुऊनही बघा. आम्हाला पूजा मिळते, आणि आमचे ऐकणारे मिळत नाहीत. आणि तुमच्या घरात एखादी बाई दाराच्या बाहेरून हात जोडत असेल तर तिला आत बोलवा. तिच्याकडे सांगण्यासारखे काय आहे, कोणाला माहीत?

परवाचेच सांगतो. शाळूला पाणी द्यायची वेळ. धुळा सकाळीच बांधावर आला. "वैनी, माज्या शेताला कवा?"

"नबीभाईचं झालं की मदल्या दोघांचं, मग तुजं. सांजच्याला."

"घरच्या मानसाला बी?"

"घरच्या मानसाला बी."

धुळा थोडा कुरकुरला. तंबाखू मळली. मग काशीला मांडीवर घेऊन बांधावरच बसला. पाणी त्याच्या शेताच्या कडेने, तिथे न वळता, खालच्या शेताकडे निघाले होते, आणि तो ते जाताना बघत होता. पाटीलही आले, आपली पाळी विचारली, "सगळ्यात शेवटी," हे ऐकले आणि परत गेले. माझ्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. पाहायचे काही कारणच नव्हते.